महापालिकेला मतदान कमी का होतं, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत सोसायटीला काय करता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८० घरांची सोसायटी आहे. लोकसभा-विधानसभेला सकाळी आठलाच माणसं खाली उतरतात. पण १५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, महापालिकेचं मतदान होतं, सुट्टीही होती, तरी निम्मी घरं गेली नाहीत. तुम्ही चिडून दोन उपाय सुचवलेत: मतदान सक्तीचं करा, किंवा महापौर थेट जनतेतून निवडा. आणि शेवटी विचारलंय की यातलं काहीच आपल्या हातात नसेल तर आपण काय करायचं.

मी एका महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झाले. १९९७ पासून २०१७ पर्यंत पाच निवडणुकांत काम केलं. कधी मतदान केंद्रावर, कधी मतदार यादीवर, कधी प्रभाग रचनेच्या हरकतींवर. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या शेजाऱ्यांना आळशी म्हणून प्रश्न सुटत नाही. तीच माणसं विधानसभेला रांगेत उभी राहतात. मग महापालिकेला त्यांचे पाय का अडतात, हे शोधायला हवं. काही कारणं गावागणिक बदलतात. लढत चुरशीची आहे का, स्थानिक मुद्दा पेटलाय का, यावरही बरंच ठरतं. मुंबईतच पाहा: २०१२ ला मतदान सुमारे ४५ टक्के होतं, २०१७ ला शिवसेना आणि भाजप वेगवेगळे लढले आणि ते ५५ च्या वर गेलं. वॉर्ड तेव्हाही एक सदस्याचाच होता. त्यामुळे 'अमुक एक बदल केला की मतदान वाढेल' असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काही गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट यादीची. महापालिकेची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतात (या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती) आणि ती प्रभागांत फोडतात. राज्य निवडणूक आयोग त्यात नवं नाव घालत नाही, जुनं काढतही नाही. ते काम भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं. त्यामुळे वारलेली माणसं, लग्न होऊन गेलेल्या मुली, भाड्याचं घर सोडून गेलेली कुटुंबं, एकाच माणसाची दोन ठिकाणची नावं, सगळं जसंच्या तसं खाली येतं आणि टक्केवारी काढताना भागाकाराच्या तळाशी बसतं. अर्थात हा फुगवटा विधानसभेलाही असतोच. म्हणून दोन निवडणुकांमधला फरक त्यानं उलगडत नाही. फरक पडतो तो यादी फोडताना.

प्रभागाच्या हद्दी जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून) ठरतात, तेही २०११ च्या. विधानसभेची यादी असते मतदान केंद्रांनुसार भाग पाडलेली. या दोन नकाशांच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. एका यादी भागात हजार-बाराशे नावं. त्यातली निम्मी या प्रभागात, निम्मी पलीकडच्या. मग कार्यालयात टेबलावर नकाशा पसरायचा, शेजारी यादी ठेवायची आणि लिपिकानं एकेका नावापुढे पेन्सिलीनं प्रभाग क्रमांक टाकत जायचं. पत्ता नीट असेल तर काम सरळ. पण घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य असतं, 'मारुती मंदिरामागे' असतं, दहा वर्षांपूर्वी पाडलेल्या वाड्याचं नाव असतं.

२०१७ मधला एक प्रसंग सांगते. एकाच नावाच्या तीन इमारती, ए, बी आणि सी विंग. प्रभागाची हद्द बी आणि सी यांच्या मधल्या रस्त्यावरून जात होती. यादीत विंग लिहिलेलीच नव्हती, म्हणून आमच्याकडे तिन्ही इमारती एकाच प्रभागात पडल्या. हरकतींच्या मुदतीत तिथून कुणीही आलं नाही. मतदानाच्या दिवशी सी विंगमधले एक आजोबा पत्नीला घेऊन समोरच्या शाळेत आले. विधानसभेला ते तिथंच मतदान करत आले होते. यादीत दोघांचीही नावं नव्हती. ती निघाली दीड किलोमीटरवरच्या शाळेत, दुसऱ्या प्रभागात. आजी गुडघ्यांनी अधू. आमच्या शिपायानं रिक्षा बघू का म्हणून विचारलं, तर आजोबा म्हणाले, "राहू द्या. ही काय मोठी निवडणूक आहे." आणि ते परत गेले. चूक आमच्या कार्यालयाची होती, त्या यादीवर माझी सही होती. ती गोष्ट मला अजून लागते.

'ही काय मोठी निवडणूक आहे' हे वाक्य मी नंतर कितीतरी तोंडांतून ऐकलं. तुमच्या शेजाऱ्यांच्या मनातही तेच असणार. गंमत नाही ही. नळाचं पाणी, कचरा, ड्रेनेज, दवाखाना, पदपथ, जन्म-मृत्यूचा दाखला, हे सगळं ज्या संस्थेकडे आहे तिची निवडणूक लोकांना लहान वाटते. का वाटते? माझ्या मते, आपण दिलेलं मत पुढे कुठे जाऊन पोचतं हे त्यांना दिसत नाही. काम झालं तर कुणामुळे झालं आणि अडलं तर कुणी अडवलं, याचा माग लागत नाही.

हा माग कुठे तुटतो ते पाहू. मुंबईत २२७ वॉर्ड, प्रत्येकी एक नगरसेवक. बाकीच्या शहरांत बहुसदस्यीय प्रभाग. पुण्याचं उदाहरण घ्या: २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०२२ साठी पुन्हा तीन ठरले होते, ते बदललं आणि २०२६ ला परत चार. या वेळी पुण्यात ४१ प्रभाग, १६५ जागा. २०११ च्या जनगणनेवरून हिशेब केला तर एका चार सदस्यांच्या प्रभागात ८० हजारांहून जास्त लोक येतात. आज तिथं प्रत्यक्षात किती राहतात ते तुम्हीच खिडकीतून बघा. मध्यंतरी आजूबाजूची गावंही हद्दीत आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३.

म्हणजे एखाद्या माणसानं २००७ पासून प्रत्येक वेळी इमानदारीनं मतदान केलं असेल, तर त्याला दर वेळी वेगळा प्रभाग आणि वेगळी हद्द मिळाली, आणि २०१७ पर्यंत तर नगरसेवकांची संख्याही दर वेळी वेगळी. मागच्या नगरसेवकाला शाबासकी द्यायची किंवा घरी बसवायचं, तर तो नगरसेवक या वेळी तुमच्या मतपत्रिकेवर असेलच असं नाही. त्यात आरक्षणाची सोडत. आरक्षण हवंच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०११ पासून महिलांना निम्म्या जागा आहेत आणि त्यामुळे सभागृहात आलेल्या कितीतरी जणींचं काम मी जवळून पाहिलंय. पण आरक्षण फिरतं आणि हद्दही हलते, तेव्हा चांगलं काम केलेल्या नगरसेविकेलाही पुढच्या वेळी कुठून उभं राहायचं ते कळत नाही, आणि मतदारालाही नाही. निदान हद्द तरी दोन निवडणुका टिकावी.

२०१७ लाच माझ्या एका केंद्रावर एक बाई आल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. समोर चार मतपत्रिका. अ पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर 'वरीलपैकी एकही नाही'चं बटण असतं, पण तेही दाबावं लागतं. बाईंनी एक बटण दाबलं आणि निघाल्या. "ताई, अजून तीन राहिली," केंद्राध्यक्ष म्हणाले. त्या परत गेल्या, आणि पुठ्ठ्याच्या आडोशातून विचारलं, "बाकीचे कोण हो? मला ह्या एकाच माहितीयेत." केंद्रावर कुणालाही यावर उत्तर देता येत नाही. थोडा वेळ गेला. मग तीनदा टक-टक-टक आवाज आला आणि बझर वाजला. त्या तीन बटणांमध्ये त्यांचं मत किती होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूनंही बोलता येतं. मोठ्या प्रभागात मोठी कामं एकत्र घेता येतात, एका माणसाच्या मर्जीवर सगळं राहत नाही, एक नगरसेवक ऐकत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येतं. हे खरंय. पण क्षेत्रीय कार्यालयात बसून मी जे पाहिलं ते असं: ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी प्रत्येक जण "ती बाजू त्यांच्याकडे आहे" म्हणायचा, आणि काँक्रीटचा रस्ता झाला की चौघांचे फलक लागायचे. नागरिक दोन चकरा मारतो आणि तिसऱ्यांदा येत नाही.

यात भर पडली ती चार वर्षांच्या खंडाची. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची १४ मार्च २०२२ ला. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधानाच्या २४३-यू या कलमात लिहिलंय. तरी इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभाग रचना यांवरचे खटले चालत राहिले आणि प्रशासक आले. आयुक्त हेच स्थायी समिती, आयुक्त हेच सर्वसाधारण सभा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली, तेव्हा कुठे मतदान झालं. २०१७ च्या मतदानानंतर महिन्याभरात ज्याला अठरा पूर्ण झाली, त्याला महापालिकेचं पहिलं मत द्यायला सत्तावीस पूर्ण होत आली. तुमच्या सोसायटीतल्या या वयाच्या मुलामुलींना विचारा, नगरसेवक नसताना त्यांचं काय अडलं? बरेच जण सांगतील, काही नाही, ॲपवर तक्रार करत होतो. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच आहे. अंदाजपत्रकात आपल्या भागाला काय मिळालं हे विचारणारं कुणी चार वर्षं सभागृहात नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता तुमच्या दोन उपायांकडे येते.

सक्ती गुजरातनं करून पाहिली. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं करणारा कायदा तिथल्या विधानसभेनं २००९ मध्ये केला, राज्यपालांची संमती मिळायला २०१४ उजाडलं, २०१५ मध्ये न येणाऱ्याला १०० रुपये दंड ठरला आणि त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मला यादीचीच भीती वाटते. ज्या आजोबांचं नाव आमच्या चुकीनं दीड किलोमीटर लांब गेलं, त्यांना दंडाची नोटीस कुणी आणि कोणत्या तोंडानं पाठवायची?

थेट महापौराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कल्पना वाईट नाही, पण नुसती निवड थेट करून भागत नाही. उत्तर प्रदेशात महापौर थेट निवडतात. तरी लखनौसारख्या राजधानीत २०१७ आणि २०२३ या दोन्ही वेळा मतदान ४० टक्क्यांपर्यंत पोचलं नाही. आपल्याकडे नगरपरिषदांचे नगराध्यक्ष थेट निवडले जातात. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की ठराव अडतात, हेही आपण पाहतो. महापालिकेत महापौराची मुदत अडीच वर्षांची आणि कामाच्या अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. मुंबईचा १८८८ चा कायदा आणि बाकी शहरांचा १९४९ चा कायदा, दोन्हींचा साचा तोच. आयुक्त नेमतं राज्य सरकार. अंदाजपत्रक आधी आयुक्त मांडतात, मग ते स्थायी समितीकडे आणि तिथून सर्वसाधारण सभेकडे जातं. कोलकात्यात १९८० च्या दशकापासून महापौर आणि त्याचं मंडळ कारभार चालवतं. मुंबईत १९९८ मध्ये तसा प्रयोग झाला आणि वर्षभरात गुंडाळला गेला. आधी महापौराच्या हातात काय द्यायचं ते ठरवा, मग तो कसा निवडायचा त्यावर भांडू. आणि शहरातली मेट्रो एका कंपनीकडे, बस दुसऱ्या कंपनीकडे, भोवतालचं नियोजन प्राधिकरणाकडे, धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याकडे असताना महापौराला थेट निवडूनही लोक विचारणार ते प्रश्न त्याच्या टेबलावर नसतील.

मग तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि त्यासाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही.

यादीपासून सुरुवात करा, आणि आत्ताच करा. निवडणूक जाहीर झाल्यावर नवं नाव घालता येत नाही. तेव्हा फक्त चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांवर हरकत घेता येते आणि त्यालाही मोजकेच दिवस मिळतात. सोसायटीच्या कार्यालयात विधानसभेच्या यादीचा तुमचा भाग छापून ठेवा. १८० घरांसाठी दोन रविवार पुरतात. राहायला नवीन आलेल्यांनी आणि पत्ता अपुरा असलेल्यांनी फॉर्म ८ भरायचा. सोसायटीचं पूर्ण नाव, विंग आणि फ्लॅट क्रमांक न चुकता लिहायचा. वारलेल्यांसाठी फॉर्म ७, नव्यानं अठरा झालेल्यांसाठी फॉर्म ६. बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, कोण आहेत ते शोधा, बहुधा जवळच्याच शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडीच्या ताई असतील. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि सगळे फॉर्म एकत्र द्या. पत्त्यात विंग लिहिलेली असती तर त्या सी विंगमधल्या नावांचा घोळ माझ्या टेबलावर झालाच नसता.

दुसरं, तुमच्या चारही नगरसेवकांना एकत्र बोलवा. एकेकाला नको, चौघांना एकाच वेळी. भाषणं नकोत. एकच प्रश्न लेखी द्या: आमच्या गल्लीतलं ड्रेनेज, पदपथ, दिवे आणि कचरा, यातलं कोणतं काम चौघांपैकी कोण पाहणार? उत्तर नोटीस बोर्डावर लावा. मी नोकरीत असताना एका वसाहतीनं हे केलं होतं. पुढची अडीच-तीन वर्षं आमच्या कनिष्ठ अभियंत्याला नेमका कुणाचा फोन येणार हे माहीत असायचं, आणि कामं त्या मानानं लवकर व्हायची.

तिसरं, पैसा कुठे ठरतो तिथं जा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. ५ लाखांपर्यंतची छोटी कामं नागरिकांनी अर्ज करून सुचवायची: बसथांब्यावर शेड, बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. तुमचं शहर वेगळं असेल तर तिथं अशी सोय आहे का ते विचारा, नसेल तर चौघांकडून तशी मागणी सभागृहात लावून घ्या. काम सुचवताना मोघम लिहू नका. 'रस्ता नीट करा' हा अर्ज फायलीतच राहतो. 'अमुक चौक ते अमुक दुकान, डाव्या बाजूचा पदपथ, ४० मीटर' असं लिहिलं की अभियंता मोजमाप घेऊन अंदाज काढू शकतो. ते काम झालं की मत दिल्याचं फळ लोकांना डोळ्यांनी दिसतं. माझ्या अनुभवात पुढच्या वेळी मतदानाला नेणारं त्याहून मोठं निमंत्रण नाही.

आणि एक मागणी जरा मोठी आहे, पण ती धरून ठेवा. २००९ मध्ये आपल्या महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार म्हणजे एक क्षेत्रसभा, अध्यक्ष तिथला नगरसेवक. गावाला ग्रामसभा असते तशी. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही क्षेत्रसभा भरलेली पाहिली नाही. ८० हजारांच्या प्रभागात माणूस हरवतो, पण तीन-चार केंद्रांच्या परिसरात तो चेहऱ्यानं ओळखला जातो आणि त्याच्यासमोर नगरसेवकाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. केरळात १९९६ पासून वॉर्डातल्या लोकांनी बसून कामांची यादी करायची पद्धत आहे, आणि स्थानिक निवडणुकांचं मतदान तिथं ७० टक्क्यांच्या पुढे जातं. तिथली राजकीय सवय वेगळी आहे, शहरंही आपल्याएवढी फुगलेली नाहीत, म्हणून सगळं श्रेय मी त्या सभांना देणार नाही. तरी नव्या सभागृहाच्या पहिल्याच वर्षात तुमच्या नगरसेवकांना लेखी विचारा: आमची क्षेत्रसभा कधी बोलावणार? उत्तर आलं नाही तर तेच पत्र माहिती अधिकारात पुन्हा द्या.

यादीचं काम सुरू केलंत की एक नोंद वेगळी ठेवा: तुमच्या सोसायटीतली किती नावं जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या प्रभागात गेली होती. ती संख्या, इमारतीच्या नकाशासह, पुढच्या प्रभाग रचनेच्या हरकतींत पहिल्याच दिवशी दाखल करा आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. हरकत घेणारा सुनावणीला आला नाही की समोरचा अधिकारी कागद बाजूला ठेवून पुढचं नाव पुकारतो.